फाल्गुनातला पळस आणि माझी हिरांची जुडी

चिपळुणाहून निघालो तेव्हा माझ्याजवळ एक ट्रंक, एक वळकटी आणि बगलेत धरलेली हिरांची जुडी होती. हीर म्हणजे माडाच्या पातीची मधली काडी. आमच्याकडे तिचे खराटे करतात. माझी जुडी मात्र खराट्याची नव्हती. एकेक हीर चाकूने तासून, टोक काढून, वीतभर तुकडे करून मी ती महिनाभर खपून तयार केली होती, आणि वाळून मोडू नये म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळली होती.

"पाचशे मैल काड्या वाहून नेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहतेय," असे सौभाग्यवती निरोप देताना म्हणाल्या. मी हसलो. बायकांना दूरदृष्टी नसते, असे काहीतरी माझ्या मनात आले. पुढे जे झाले ते वाचल्यावर हे वाक्य कोणाच्या बाबतीत खरे, ते वाचकांनी ठरवावे.

मुळात हे काड्यांचे प्रकरण एका पत्रातून सुरू झाले. माझी थोरली बहीण, अक्का, लग्न होऊन वऱ्हाडाकडे गेली त्याला सत्तावीस वर्षे झाली. भाऊजी जंगल खात्यात कारकून होते. नोकरी संपल्यावर त्यांनी यवतमाळ जिल्ह्यात, झरीच्या अलीकडे, रानाला लागून शेत घेतले आणि तिथेच घर बांधले. त्यांच्या धाकट्या कुसुमचे लग्न फाल्गुनात ठरले. मुलाकडची मंडळी पुसदची. अक्काने पत्रात सगळी तयारी सविस्तर लिहून शेवटी एक ओळ घातली होती: "पत्रावळींचे तेवढे व्हायचे आहे. तीनशे पान होईल. विहीणबाई फार चिकित्सक आहेत."

मी कुसुमचा एकुलता एक मामा. काहीतरी करून दाखवावे अशी हौस होतीच. उलट टपाली लिहिले, "पत्रावळींची काळजी तू सोड. ती माझ्याकडे लागली."

अक्का समजली की भाऊ तिकडून पत्रावळींचे गठ्ठे आणणार. माझ्या डोक्यात वेगळेच होते. अक्काचे गाव पळसाच्या रानात. पळसाच्या पानांच्या पत्रावळी होतात हे जगजाहीर आहे. मग पाने तिथे, काड्या इथे. दोन दिवस आधी जावे, पाने तोडावीत, चार बायका बसवाव्यात आणि ताज्या हिरव्यागार पत्रावळी लावाव्यात. पळसाविषयी मला शंका असण्याचे कारणच नव्हते. बावीस वर्षे मी शाळेत मराठी शिकवतो आहे आणि बावीस वर्षे फळ्यावर लिहितो आहे: "कुठेही जा, पळसाला पाने तीनच. अर्थ: माणूस कुठेही गेला तरी परिस्थिती सारखीच. वाक्यात उपयोग करा." ज्या झाडाचा मी दरवर्षी पन्नास मुलांकडून वाक्यात उपयोग करून घेतला, ते झाड जवळून पाहावे असे मला कधी वाटले नाही. आम्ही केळीच्या पानावर जेवणारी माणसे.

पुण्याहून रेल्वेने दीड दिवसात मूर्तिजापूर गाठले. तिथून यवतमाळला छोटी गाडी जाते. ही गाडी धावते असे म्हणणे म्हणजे तिच्यावर अन्याय होईल. ती चालते, तेही ओळखीच्या माणसांशी बोलत बोलत. दोन्ही बाजूंना काळी जमीन, तीत कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडे) उभ्या. एका स्टेशनावर एक म्हातारी चढली, माझ्या बगलेकडे पाहत बसली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "खराटा कायचा व्हय हा, बापू? इकून राह्यला का?"

"विकायचा नाही, आजी. लग्नाला नेतोय."

म्हातारीने माझ्याकडे फार दयेने पाहिले. पुढच्या स्टेशनावर उतरताना तिने मला भाकरी आणि मिरचीचा ठेचा दिला. लग्नाला खराटा घेऊन जाणाऱ्याच्या घरी काय असणार, असा तिचा हिशेब असावा. ठेचा इतका जहाल होता की यवतमाळ येईपर्यंत मला निसर्गाकडे पाहता आले नाही.

यवतमाळला मुक्काम करून सकाळी पांढरकवड्याची एसटी धरली. शेजारी करीमभाई नावाचे एक शिंपी बसले होते. शिवणयंत्राचे चाक दुरुस्त करून घेऊन ते पांढरकवड्याला आपल्या दुकानी चालले होते. चाक त्यांच्या मांडीवर, जुडी माझ्या मांडीवर. माणसाला जवळ यायला एवढे पुरते.

गाव सुटले, चढण लागली आणि एका वळणावर मी एकदम उठून उभा राहिलो. सगळे रान पेटले होते. म्हणजे तसे वाटले. झाडांवर शेंदरी, केशरी, पोपटाच्या चोचीसारखी वाकडी फुले, अंगभर. साग उघडे पडलेले, गवत वाळलेले, आणि मधे ही झाडे. कोकणात हिरव्याचे सतरा रंग पाहिले, पण हे काही निराळेच. मी करीमभाईंना हलवले.

"काय सुंदर झाडं हो! कसली म्हणायची ही?"

करीमभाईंनी माझ्याकडे पाहिले, मग बाहेर पाहिले, मग पुन्हा माझ्याकडे.

"पळस व्हय, गुरुजी. पळस नाई पाह्यला तुमी?"

"पळस?" मी हसलो. मग हसणे आपोआप थांबले. "याची पानं कुठं आहेत?"

"पानं?" करीमभाई म्हणाले. "पानं झडली ना. फागुनात फूल. पानं यायले चैत उजाडते, अन् कामाची व्हायले बैसाख."

"एकही नाही?"

"पाहा ना तुमीच. आहे का येखादं?"

मी पाहिले. खिडकीला नाक लावून पांढरकवड्यापर्यंत पाहिले. मैलोगणती पळस, लाखो फुले आणि पान औषधाला नाही. बावीस वर्षे शिकवलेल्या म्हणीतली तीनच्या तीन पाने गळून गेली होती. कुसुमचे लग्न परवा होते.

करीमभाईंना मी खरे ते सांगून टाकले. कोणाला तरी सांगणे भागच होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले, माझ्या जुडीवर हात ठेवला आणि म्हणाले, "गुरुजी, हे असं झालं, सुई घेऊन निंगाले अन् कपडाच नाई." पांढरकवड्यात उतरल्यावर ते माझ्याबरोबर बाजारात दोन दुकाने फिरले. पण लग्नसराई होती. आठवड्याचा बाजार आदल्या दिवशीच होऊन गेला होता आणि होत्या नव्हत्या त्या पत्रावळी लोक घेऊन गेले होते. निरोप घेताना करीमभाई म्हणाले, "पोडावर इचारा. कोलाम बाया पानं वाळवून ठेवते कधी कधी." (पोड म्हणजे कोलामांची वस्ती.) त्या क्षणी ते वाक्य माझ्या कानात शिरले नाही. मी अक्काला काय सांगायचे ते जुळवत होतो.

गावापर्यंत बंडी (बैलगाडी) होती. ती भाऊजी स्वतः घेऊन आले होते. दोन तासांच्या वाटेत त्यांनी पीकपाणी सांगितले, वाघ कुठे दिसला ते सांगितले, आणि मागे वळून दोनदा बंडीतल्या रिकाम्या जागेकडे पाहिले. स्वभावाने सभ्य माणूस, विचारले नाही.

अक्काने विचारले. मी अंगणात पाय ठेवतो न ठेवतो तोच.

"आलास बाळ्या? पत्रावळ्या मागून येऊन राह्यल्या का?"

सत्तावीस वर्षांत तिची भाषा वऱ्हाडी झाली होती, पण "बाळ्या" तेवढे चिपळूणचेच राहिले होते. मी जुडी पुढे केली.

"हे काय?"

"हीर."

"अन् पानं?"

"पानं... मला वाटलं, पळस तर तुमच्याकडेच आहे."

अंगणात मांडव घालणारी माणसे होती, पापड उचलणाऱ्या शेजारणी होत्या. सगळे थांबले. कुसुम हळदीच्या आधीचे न्हाणे आटोपून केस पुसत दारात आली होती. तिने तोंडावर पदर घेतला. ती रडते आहे की हसते आहे ते मला कळेना.

"बाळ्या," अक्का अगदी हळू म्हणाली, "तू पोरांना शिकवतोस ना रे?"

यापेक्षा तिने मला जुडीने झोडपले असते तर बरे झाले असते.

मग ती ओट्यावर टेकली. विहीणबाई बैठकीच्या वेळीच बोलून गेल्या होत्या की पुसदच्या पंगतीत पान गळलेले त्यांनी आजवर पाहिले नाही. कुसुमला जन्मभर त्या घरात नांदायचे. पहिल्याच पंगतीला पानच नाही म्हटल्यावर त्या टोमण्याला तिच्या हयातीत उत्तर मिळाले नसते. भांडी मागावीत तर सबंध गावात चाळीस ताटे. मी वडाची पाने सुचवली. भाऊजी म्हणाले, "गावात वड दोन. दोन्ही देवाचे." त्यानंतर मी सुचवणे बंद केले.

तेव्हा कुठे मला करीमभाईंचे वाक्य आठवले. "अक्का, पोडावर कोणी पानं वाळवून ठेवतं का?"

अक्काने मान वर केली. "भिमाबाई ठेवते," ती म्हणाली आणि लगेच मान खाली घातली. "पण ते कसे मागू? तिच्या नातीचं लग्न आहे वैशाखात. त्याच्यासाठीच ठेवले तिनं."

न मागून चालणार नव्हते. ऊन उतरायच्या आत आम्ही दोघे पोडावर गेलो. नाल्यापलीकडे बारा-पंधरा कुडाची घरे, अंगण शेणाने सारवलेले, कुंपणाला लागून मोहाची झाडे. भिमाबाई दारात बसून टोपली विणत होती. सुरकुतलेली, लहानशी, डोळे मात्र सुईसारखे. अक्काने सगळे सांगितले. आपल्या भावाचा पराक्रम सांगताना तिने काही वगळले नाही.

भिमाबाईने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "फागुनात पळसाचे पानं तोडाले आला हा?"

"व्हय," अक्का म्हणाली.

"तिकडं कोकनात पळस नाई का?"

"असेल," मी म्हणालो. "मी पाहिला नाही."

ती हसली. तिच्या मागे नात उभी होती, सोनी, तीही हसली. मग म्हातारी आत गेली आणि मला हाक मारली. चुलीच्या वर, आढ्याला, धुरात, पानांच्या माळा लटकत होत्या. गेल्या ज्येष्ठात तोडलेली, दगडाखाली दाबून सपाट केलेली, काळपट तपकिरी पाने. धुरामुळे कीड लागत नाही. मी मोजायला लागलो, तेवढ्यात अक्का बाहेरून म्हणाली, "भिमाबाई, नाई म्हन. मी समजून घेईन. तुह्या सोनीचं लग्न हाय."

सोनीने आजीकडे पाहिले. "देऊन टाक ना आजी," ती म्हणाली. "माह्या लग्नापावतर नवे येते."

"आणि नाही आली तर?" हा प्रश्न मी विचारला. पाने हवीत माझ्या भाचीला आणि शंका काढतोय मी! अक्काने आत येऊन माझ्या पाठीत बोट खुपसले.

भिमाबाई म्हणाली, "काहून नाई येनार? कधी आले नाई का? मास्तर, थो पळस आहे. मानूस नाई." मग तिने हात पुढे केला. "काड्या दाखव."

मी जुडी सोडली. तिने एक हीर वाकवली, सोडली, पुन्हा वाकवली. दाताखाली धरून पाहिली. "लोखंडावानी आहे," ती म्हणाली. पाच दिवसांत माझ्या जुडीला मिळालेला हा पहिला चांगला शब्द. "उरल्या का ठेवून जायच्या. अन् उद्या सकाळीच बसाचं. तू बी बसाचं."

दुसऱ्या दिवशी अक्काच्या मांडवात आम्ही चौदाजण बसलो. तेरा बाया आणि मी. पाने आधी पाण्यात बुडवून मऊ करायची, ओल्या गोणपाटात दाबायची, मग गुळगुळीत बाजू वर, शिरा खाली, पानावर पान अर्धे चढवून टाके घालायचे. नुसते बघताना सोपे वाटते. माझे पहिले पान फाटले, दुसरे फाटले, तिसरे शिवले गेले पण माझ्या धोतराला. सोनीने हसू आवरत टाका सोडवून दिला. कुसुम हळदीच्या हातांनी लांब पाटावर बसली होती. "मामा, वाक्यात उपयोग करा!" म्हणून ती ओरडली. लहानपणी सुट्टीत आली की मी तिला हेच सांगून पिडत असे.

तो विषय निघाल्यावर भिमाबाईने विचारले, "काय सांगतं तू पोरांले पळसाचं?"

मी फळ्यावरचा अर्थ सांगितला. ती टाका घालत ऐकत होती. "म्हंजे, कुठंबी जा, रडनं तेच. असंच ना?"

"साधारण तसंच."

"आमच्यात असं नाई म्हनत," ती म्हणाली, आणि तिच्या आजीकडून ऐकलेली गोष्ट तिने सांगितली. कोणे एके काळी एक देशमुख होता. त्याच्या घरी मोठी पंगत. पाहुण्यांना मोठी पत्रावळ आणि गड्यामाणसांना लहान, असे त्याच्या मनात. पत्रावळी लावणारीला म्हणाला, माझ्या वावरातला पळस मोठा आहे, त्याचे पाच पाच पानांचे देठ तोडून आण. ती गेली. दिवसभर हिंडली. सांजेला परत आली आणि म्हणाली, "देशमुख, तुह्या वावरात पाह्यलं, बांधावर पाह्यलं, नाल्यात पाह्यलं. पळसाले पानं तीनच. तीन देठाची एक पत्रावळ. पावन्याले तेवढीच, गड्याले तेवढीच."

बायांनी माना डोलावल्या. माझ्यातला मास्तर मात्र गप्प बसेना. "पण भिमाबाई, पाहुण्याला चार देठ वापरले असते तर?"

भिमाबाईचा हात थांबला. "मास्तर," ती म्हणाली, "हे गोष्ट आहे. हिच्यात गनित नोको घालू. टाका पाहा, पुन्हा धोतराले चालला."

म्हणीचा उगम खरोखर असाच झाला असेल का, ते मला ठाऊक नाही. पण बावीस वर्षे मी जो अर्थ शिकवला त्याला एकाही माणसाचा हात लागलेला नव्हता, आणि या अर्थात मात्र बोटांना पानाचा वास होता. संध्याकाळी तीनशे दहा पत्रावळी दगडाखाली दबून बसल्या. त्यातल्या अकरा माझ्या. भिमाबाईने त्या निराळ्या काढल्या आणि अक्काला सांगितले, "ह्या मास्तरले वाढा. दुसऱ्या कोनाले नोको."

लग्न वेळेवर लागले. कुसुमला हाताला धरून मांडवात मीच नेले, तेव्हा माझे अंगठे हिरांनी भोसकलेले होते आणि तिने ते हळूच दाबले. खरी परीक्षा पंगतीची. विहीणबाई पहिल्या रांगेत बसल्या. उंच, ताठ, नाकात ठसठशीत नथ. त्यांनी पत्रावळीची कड उचलली, खाली वाकून पाहिले. मग तांब्यातले पाणी ओंजळभर पानात ओतले आणि बघत राहिल्या. वाढपी थांबले. अक्काच्या हातात भाताची परात तशीच राहिली. मी मनातल्या मनात चिपळूणच्या यच्चयावत देवांना नारळ बोललो.

थेंबही गळला नाही.

"काडी कायची व्हय हे?" विहीणबाईंनी विचारले. "आपल्या इकडची नाई दिसत."

अक्काने माझ्याकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत काय होते ते मी सांगू शकणार नाही, पण आवाज एकदम खणखणीत निघाला. "कोकणातून आणल्या. नारळाच्या. पोरीच्या मामानं स्वतः तासल्या महिनाभर."

विहीणबाईंनी नवऱ्याकडे मान वळवली. "आयकलं का? पत्रावळीच्या काड्या पाचशे मैलावून! मानपान करावा तं असा."

आणि त्यांनी पाणी ओतून दिले, पान पुसले आणि "वाढा" म्हणाल्या. मी खांबाला टेकलो. मांडवापलीकडे भिमाबाई आणि सोनी उभ्या होत्या. म्हातारीने मला हाताने खूण केली, जेवायला बस. भाऊजींनी पोडावरच्या मंडळींना दुसऱ्या पंगतीला बसवले. पत्रावळ तीच आणि तेवढीच. मी त्यांच्या रांगेत बसलो. गोळाभात (भातात डाळीच्या पिठाचे गोळे) आला, वांग्याची भाजी आली, बुंदी आली आणि वरण आले. वरण माझ्या पानातून सरळ माझ्या मांडीवर आले. भिमाबाई इतकी हसली की तिला ठसका लागला. आयुष्यात इतके चविष्ट जेवण मी केलेले नाही.

परतताना उरलेली जुडी भिमाबाईला दिली. बगल हलकी झाली, पण एक गोष्ट मनात राहिली. तिच्या आढ्याला आता एकही माळ नव्हती. एसटीतून जाताना पळसाची फुले खाली पडू लागलेली दिसली. फांद्यांच्या टोकांना काही दिसते का म्हणून मी वळून वळून पाहत होतो. काही दिसले नाही. घरी आल्यावर सौभाग्यवतींना सगळे सांगितले. त्या म्हणाल्या, "तरी मी म्हटलं होतं." खरे तर पळसाविषयी त्यांनी काहीच म्हटले नव्हते. पण माझी बोलायची सोय राहिली नव्हती.

चैत्र गेला. वैशाख लागला. शाळेला सुट्टी होती आणि मी रोज टपालवाल्याची वाट पाहत होतो. सौभाग्यवतींना वाटे मी बदलीच्या हुकमाला घाबरतोय. मी घाबरत होतो ते सोनीच्या लग्नाला. तीन पानांच्या भरवशावर एका म्हातारीने माझ्या भाचीची लाज राखली होती, आणि आता ती पाने वेळेवर येणे माझ्या हातात नव्हते.

ज्येष्ठाच्या सुरुवातीला अक्काचे कार्ड आले. कुसुम सुखात आहे, विहीणबाई कौतुक करतात, भाऊजींचा खोकला कमी आहे. आणि खाली, जागा उरली नाही म्हणून कडेने, उभे लिहिलेले:

"सोनीचे लग्न छान झाले. हिरव्या पत्रावळी, तुझ्या हिरांच्या. भिमाबाईने निरोप सांगितला आहे: मास्तरले लिहा, पानं आली. तीनच आली."